कझाकस्तानच्या डोंगरात जायचंय? आधी घरात बसून नकाशा उघडा

 

आखातातल्या आपल्या मराठी घरांमध्ये गेल्या काही वर्षांत एका गावाचं नाव सारखं ऐकू येतं. ते म्हणजे अल्माटी. ईदच्या सुट्टीत शेजारचं कुटुंब जाऊन आलेलं असतं, ऑफिसातले दोघं-तिघं निघालेले असतात आणि व्हॉट्सॲपवर निळ्या तळ्यांचे फोटो फिरत असतात. साधारण चार-साडेचार तासांचं विमान, भारतीय पासपोर्टला थोड्या दिवसांसाठी व्हिसाची गरज नाही, आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हातून निघून उतरलं की समोर बर्फाचे डोंगर. जावंसं वाटणारच.

शहरात चार दिवस फिरून यायचं असेल तर फारशी तयारी लागत नाही. पण डोंगरात चालायचं, घोड्यावर बसायचं, वाळवंटात तंबू ठोकायचा, आणि तेही सोबत सत्तरीचे आई-वडील आणि सहावीतलं पोर असताना, तर गोष्ट वेगळी होते. तेव्हा आज आपण त्या तयारीबद्दल बोलू. कागद-पेन जवळ असेल तर घ्या.

सुरुवात देशाच्या आकारापासून करू, कारण सगळं नियोजन तिथेच चुकतं किंवा जमतं. कझाकस्तान हा क्षेत्रफळाने जगातला नवव्या क्रमांकाचा देश. सुमारे २७ लाख चौरस किलोमीटर. म्हणजे आपले जवळजवळ नऊ महाराष्ट्र त्यात बसतील. आणि लोकसंख्या? दोन कोटींच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींच्या वर होती. याचा अर्थ नीट समजून घ्या. आपल्याकडे घाटात गाडी बंद पडली तर दहा मिनिटांत कोणीतरी थांबतं, अर्ध्या तासावर चहाची टपरी असते. तिथे शहर सोडलं की शंभर किलोमीटरमध्ये एकही गाव न लागणं ही रोजची गोष्ट आहे.

नकाशावर बोटभर दिसणारं अंतर तिथे दिवसभराचं असतं. अल्माटी ते राजधानी अस्ताना हा रस्ता सुमारे १,२०० किलोमीटरचा. अल्माटीहून कॅस्पियन समुद्रावरच्या अकताऊ शहराला जायचं तर विमानानेच तीन तासांच्या आसपास लागतात. आणि इथे नावांचा एक गोंधळ होतो, तो लक्षात ठेवा. कझाक भाषेत ‘अक’ म्हणजे पांढरा आणि ‘तौ’ म्हणजे डोंगर. त्यामुळे अल्माटीपासून काही तासांवर अकताऊ नावाचे रंगीत डोंगर आहेत, आणि दोन हजार किलोमीटर पश्चिमेला अकताऊ नावाचं शहर आहे. हॉटेलचं बुकिंग करताना आपण नक्की कुठल्या अकताऊला चाललोय, हे नकाशावर बघूनच पैसे भरा.

म्हणून पहिला नियम: एका सहलीत एकच भाग. आठवड्याची सुट्टी असेल तर अल्माटी आणि तिच्या पूर्वेचा डोंगराळ पट्टा, एवढंच. त्यात अस्ताना घुसवू नका, कॅस्पियन घुसवू नका. देश कुठे पळून जात नाही, पुढच्या वर्षी पुन्हा जाता येईल.

आता कागदपत्रं. जुलै २०२२ पासून भारतीय पासपोर्टवर एका वेळी १४ दिवसांपर्यंत कझाकस्तानात व्हिसाशिवाय राहता येतं, आणि १८० दिवसांत मिळून ४२ दिवस. चौदा दिवसांचा मुक्काम आखायचा म्हणून तेराव्या दिवसापर्यंत डोंगरात राहू नका. पावसाने रस्ता अडला, विमान रद्द झालं, तर हाताशी दोन दिवस हवेत. म्हणजे आखणी जास्तीत जास्त बारा दिवसांची. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी कझाक दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करा. घरात कोणाचा पासपोर्ट ब्रिटिश किंवा अमेरिकन असेल तर त्यांचे नियम वेगळे आहेत, तेही बघा.

पण आपल्या घरांत खरी अडचण तिकडच्या व्हिसाची कमी आणि इकडच्याची जास्त असते. आई-बाबा भारतातून तुमच्याकडे महिनाभर आले आहेत, आणि तुम्ही म्हणता, चला, यांनाही नेऊ. थांबा. त्यांचा व्हिजिट व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल, तर देशाबाहेर पाऊल ठेवताच तो संपतो. परत येताना ते विमानतळावर अडकतील. अशा वेळी सोपा मार्ग म्हणजे आई-बाबांनी येताना किंवा जाताना भारतातूनच अल्माटीला यायचं आणि तिथे भेटायचं. सौदीत राहणाऱ्यांनी बाहेर जाण्याचा आणि परत येण्याचा व्हिसा आधी काढायचा असतो, हे तुम्हाला सांगायला नको, पण मुलांचाही काढलाय ना, ते बघा. आणि सगळ्यांच्या रहिवासी परवान्याची मुदत परतीच्या तारखेपुढे आहे ना, तेही.

तिसरा कागद म्हणजे सीमाभागाची परवानगी. कझाकस्तानचे सगळ्यात उंच डोंगर चीन, किर्गिझस्तान आणि रशियाच्या सीमेवर आहेत. खान-तेंग्री हे सुमारे सात हजार मीटरचं शिखर, किंवा अल्ताई पर्वतातला ४,५०६ मीटर उंच बेलुखाचा परिसर, अशा ठिकाणी परदेशी माणसाला वेगळी परवानगी लागते. ती तिथे पोहोचून हातोहात मिळत नाही. स्थानिक टूर कंपनीमार्फत कित्येक आठवडे आधी अर्ज करावा लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने या भागांचा विचारच करू नये असं मी म्हणेन. आणि कुठेही जा, मूळ पासपोर्ट अंगावर ठेवा. हॉटेलच्या कपाटात ठेवून डोंगरात जाऊ नका.

आता कधी जायचं? आपल्या मुलांच्या शाळा जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतात. उंच डोंगरांसाठी हा काळ उत्तम. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वरच्या वाटा बहुतेक मोकळ्या असतात. पण याच काळात वाळवंटी भाग भाजून निघतो. आखातातल्या उन्हातून सुटायला निघालात आणि जुलैत अल्तिन-एमेलच्या वाळूत उभे राहिलात, तर घरी राहिलो असतो तर बरं, असं वाटेल. दऱ्या आणि वाळवंट यांच्यासाठी एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेकडे अक्सू-झाबाग्ली या राखीव जंगलात रानटी ट्यूलिप फुलतात. १९२६ साली स्थापन झालेलं हे मध्य आशियातलं सगळ्यात जुनं राखीव जंगल. आणि बर्फात घसरायचंच असेल, तर डिसेंबर ते मार्च.

वेळेबद्दलही एक गोष्ट लिहून घ्या. १ मार्च २०२४ पासून संपूर्ण कझाकस्तानात एकच वेळ लागू झाली. ती भारताच्या अर्धा तास मागे, आणि दुबईच्या एक तास पुढे. अल्माटीचं घड्याळ त्या दिवशी एक तास मागे गेलं. त्यामुळे जुन्या पुस्तकांत सूर्यास्ताची जी वेळ दिली आहे, त्यापेक्षा आता घड्याळात एक तास आधी अंधार पडतो. जूनमध्ये साधारण साडेसातला आणि सप्टेंबरच्या शेवटी पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. उलट पहाट लवकर होते, जूनमध्ये चार वाजून गेले की उजाडतं. म्हणून डोंगरातला दिवस पहाटे सुरू करा. ट्रेकला साडेसहाला निघणं हे तिथे लवकर नाही, वेळेवर आहे.

आता प्रत्यक्ष ठिकाणांकडे येऊ.

अल्माटी शहर समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर आहे. शहरातून अर्ध्या तासावर मेदेऊ. तिथे बर्फावर स्केटिंग करण्याचं प्रसिद्ध मैदान आहे, उंची १,६९१ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे टॅक्सीतून उतरता तेव्हाच तुम्ही महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच टोकापेक्षा वर उभे असता. मेदेऊहून पाळण्यात बसलं की शिंबुलाक, सुमारे २,२६० मीटर. तिथून आणखी वर गेलं की तालगार खिंडीचं टोक, सुमारे ३,२०० मीटर. हे सगळं तासाभरात होतं. सकाळी हॉटेलात नाश्ता, आणि जेवणाच्या आधी तुम्ही दोन कळसूबाईंच्या जवळपास उंचीवर.

इथेच जपायला हवं. आपण समुद्राच्या पातळीवर राहणारी माणसं. अडीच हजार मीटरच्या वर उंचीचा त्रास कोणालाही होऊ शकतो. डोकं दुखतं, मळमळतं, चालताना धाप लागते, चक्कर येते. तरुण आहे, जिमला जातो, म्हणून त्याला होणार नाही असं नसतं. उपाय एकच, खाली उतरणं. गोळी घेऊन वर बसून राहणं हा उपाय नव्हे. लहान मूल ‘मला उंचीचा त्रास होतोय’ असं सांगत नाही. ते चिडचिड करतं, खायला नको म्हणतं, झोपायला बघतं. तसं दिसलं तर फोटो राहू द्या, पुढच्या पाळण्याने खाली या. आई-बाबांना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना नुसतं ‘फिरायला जातोय’ असं सांगू नका. ‘३,२०० मीटरपर्यंत जायचा विचार आहे’ असा आकडा सांगा. त्यांचं उत्तर बदलू शकतं. शिंबुलाकपर्यंत सगळ्यांनी जायचं आणि आजी-आजोबांनी तिथेच उन्हात चहा घेत बसायचं, हाही चांगला बेत आहे.

पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्यांची चाचणी घ्यायची असेल तर मेदेऊच्या वर एक मोठं धरण आहे. त्याला ८४२ पायऱ्या आहेत. पुण्याच्या पर्वतीच्या साधारण आठपट. कोण किती वेळात चढतं, कोणाचे बूट चावतात, कोण पाणी प्यायचं विसरतं, हे तिथे कळतं. पुढचा बेत त्यावरून ठरवा.

आणि ते धरण पाणी साठवायला बांधलेलं नाही. ते डोंगरातून येणारा चिखल आणि दगडांचा लोंढा अडवायला बांधलं आहे. १९२१ साली अशाच लोंढ्याने या शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. १९६६ पासून स्फोट करून, डोंगराचे कडे पाडून हा बांध घातला, आणि जुलै १९७३ मध्ये आलेला प्रचंड लोंढा त्याने अडवला. शहर वाचलं. त्याआधी १९६३ च्या जुलैत जवळच्या इस्सिक तळ्याचा बांध फुटून माणसं गेली होती. माळीण आणि इर्शाळवाडी आठवणाऱ्या आपल्या लोकांना डोंगर खाली येतो म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. यातून आपण घ्यायचं ते इतकंच. ओढ्याच्या पात्रात किंवा अगदी काठावर तंबू ठोकायचा नाही, पाऊस नसला तरी. कारण वर बर्फ वितळून साठलेलं तळं कडक उन्हाच्या दिवशीही फुटू शकतं. पाणी अचानक गढूळ झालं, आवाज वाढला, तर सामान सोडून बाजूच्या चढावर जायचं. आणि उन्हाळ्यात दुपारनंतर या डोंगरांवर गडगडाट होतो, तेव्हा धारेवर, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही.

अल्माटीच्या पूर्वेला सुमारे २०० किलोमीटरवर चारिन दरी आहे. लाल दगडांचे सुळके, त्यांच्यामधून तीनेक किलोमीटरची चाल, आणि शेवटी नदी. ‘किल्ल्यांची दरी’ असं त्या भागाला म्हणतात आणि बघितल्यावर नाव पटतं. जाताना उतार, येताना तीच चाल चढाची आणि डोक्यावर ऊन. माणशी निदान दोन लिटर पाणी, टोपी, आणि दुपारच्या आत परत. नदीचं पाणी दिसायला सुंदर, पण ओढ जबरदस्त आहे. मुलांना त्यात उतरू देऊ नका.

तिथून पुढे साटी नावाचं गाव. अल्माटीहून गाडीने साधारण पाच तास. इथे मोठं हॉटेल नाही. लोकांच्या घरी राहायचं, घरचं जेवण जेवायचं, आणि बऱ्याच ठिकाणी संडास अंगणाच्या टोकाला असतो. आजीचे गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच विचारा. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी शहरातली गर्दी येते, म्हणून मधले वार धरा.

साटीहून दोन ठिकाणं. एक काइंदी तळं. १९११ च्या भूकंपात डोंगराचा कडा कोसळून दरी अडली आणि हे तळं तयार झालं. जंगल पाण्याखाली गेलं, पण सूचिपर्णी झाडांचे वाळलेले बुंधे अजून पाण्यातून सरळ वर उभे आहेत. तिथला शेवटचा रस्ता खडकाळ आहे, ओढे ओलांडावे लागतात. भाड्याची साधी गाडी घेऊन जाऊ नका. गावात जुन्या रशियन बनावटीच्या उंच चाकांच्या व्हॅन मिळतात. त्यांना तिथे ‘बुखान्का’ म्हणतात, म्हणजे पावाची लादी, आणि त्या दिसतातही तशाच. हाडं खिळखिळी होतील, पण पोचाल. पाठीचं दुखणं असलेल्यांनी मात्र विचार करा.

दुसरं ठिकाण कोलसाय तळी. पहिलं तळं १,८१८ मीटरवर, आणि त्याच्या जवळपर्यंत गाडी जाते. तिथे आजी-आजोबा, लहान मुलं सगळे रमतात. दुसरं तळं २,२५२ मीटरवर, आणि तिथे जायला साधारण आठ किलोमीटर चालावं लागतं. चढ कळसूबाईच्या निम्मासुद्धा नाही, पण अंतर खरं आहे. आठ जायला आणि आठ यायला, म्हणजे सोळा किलोमीटर. मुलांसोबत सात-आठ तास धरा. घोडे भाड्याने मिळतात. पण घोड्यावर बसण्याआधी हेल्मेट आहे का, ते विचारा. नसेल तर सायकलचं हेल्मेट घरून न्या. कझाक पोरं चालायला लागतात तेव्हाच घोड्यावर बसतात, म्हणून त्यांना तुमच्या मुलाची भीती कळणार नाही. तिसरं तळं किर्गिझस्तानच्या सीमेजवळ आहे. तिथे गाइडशिवाय आणि परवानगीची चौकशी केल्याशिवाय जाऊ नका.

वाळवंट बघायचं असेल तर अल्तिन-एमेल हे १९९६ साली जाहीर झालेलं राष्ट्रीय उद्यान. तिथे शंभर मीटरहून उंच ‘गाणारी’ टेकडी आहे. हवा कोरडी असली आणि वाळू घसरली की विमानाच्या घरघरीसारखा आवाज येतो. पाऊस पडून गेला असेल तर टेकडी गप्प. मुलांना हे आधी सांगा, म्हणजे हिरमोड होणार नाही. उद्यानातली ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत. बास्शी गावात मुक्काम करून दोन दिवस द्या.

आणि ज्यांचा हात वाळूत गाडी चालवण्यात बसलाय, त्यांना पश्चिमेचा मांगिस्ताऊ खुणावणार. पांढऱ्या चुन्याचे कडे, बोझझिराचे दोन सुळके, गोल दगडांनी भरलेली तोरिश दरी, आणि समुद्रसपाटीपासून १३२ मीटर खाली असलेला कारागिये खळगा. दृश्य असं की पृथ्वीवर आहोत का, असं वाटतं. पण दुबईच्या वाळूतला अनुभव इथे अर्धाच कामाला येतो. वाळूत टायरची हवा कमी केली की गाडी निघते. मांगिस्ताऊची माती पाऊस पडला की साबणासारखी होते, आणि मग कितीही ताकदीची गाडी जागची हलत नाही. बोझझिरा अकताऊ शहरापासून जवळजवळ ३०० किलोमीटर. वाटेत पाणी नाही, बऱ्याच भागात फोन लागत नाही. म्हणून कमीत कमी दोन गाड्या, स्थानिक चालक, प्रत्येक माणसाला दिवसाला पाच लिटर पाणी, आणि वर दोन दिवसांचा साठा. लहान मुलांना नेण्याची ही पहिली जागा नव्हे.

याच भागात बेकेत-अता यांची डोंगरात कोरलेली मशीद आहे. लांबून यात्रेकरू येतात आणि त्यांना तिथे जेवण आणि झोपायला जागा मिळते. आपल्या वारीच्या वाटेवरची पंगत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते ओळखीचं वाटेल. जाताना अंगभर कपडे, बायकांनी डोक्यावर ओढणी, आणि आवाज हळू.

आता जेवणाचं बोलू, कारण आपल्याकडे सहल फसते ती बऱ्याचदा इथेच. कझाक जेवण म्हणजे मांस. बेशबारमाक हा मुख्य पदार्थ, त्यात घोड्याचं किंवा मेंढीचं मांस असतं. घोड्याचं मांस तिथे मानाचं समजतात. चालत असेल तर चाखा, चालत नसेल तर आधीच सांगा. शाकाहारी लोकांनी रशियन भाषेतले दोन शब्द पाठ करा: ‘बेझ म्यासा’, म्हणजे मांसाशिवाय. कझाकमध्ये ‘येतसिझ’. तरी सूपमधलं मांस बाजूला काढून ‘घ्या, बिनमांसाचं’ असं म्हणणारे भेटतील, आणि त्यात त्यांचा काही वाईट हेतू नसतो. बाऊरसाक नावाचे तळलेले पिठाचे गोळे, नान, लोणी, मध, जॅम, टोमॅटो-काकडी हे सगळीकडे मिळतं. आणि सफरचंदं! जगभरातल्या सफरचंदांची मूळ रानटी जात याच डोंगरांतली. बाकी आपलं नेहमीचं: थेपले, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पोहे, आणि गरम पाण्यात होणारा उपमा. डोंगरात गारठून आलेल्या पोराच्या हातात गरम उपम्याची वाटी दिली की त्याचा चेहरा बघा.

कझाक घरात चहा अर्धाच वाटीभर देतात. कंजूषपणा समजू नका. पुन्हा पुन्हा भरता यावा, पाहुण्याने बसावं, म्हणून तसं देतात. वाटी काठोकाठ भरून आली तर आता निघायची वेळ झाली असं समजतात. नान उलटा ठेवायचा नाही, टाकायचा नाही. आपल्या अन्नाला पाय लागू नये असं शिकलेल्या घरांना हे जड जाणार नाही. नमस्कारापुरता एक शब्द: ‘रख्मेत’, म्हणजे धन्यवाद.

औषधांच्या डब्याबद्दल. नेहमीच्या गोळ्या पूर्ण मुदतीच्या आणि चार दिवस जास्तीच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. एप्रिल ते जून गवतात आणि झुडपांत गोचिड्या असतात, आणि त्यांच्यामुळे मेंदूज्वर होऊ शकतो. अल्माटीच्या डोंगरांतही हा धोका आहे. त्यावर लस आहे, पण तिचे डोस काही आठवड्यांच्या अंतराने घ्यावे लागतात, म्हणून दोन-तीन महिने आधी डॉक्टरांना विचारा. पँट मोज्यात खोचा, फिकट रंगाचे कपडे घाला, आणि रोज रात्री मुलांच्या काखा, कानामागची जागा, केसांची मुळं बघा.

कपडे एकावर एक असे घाला. सुती बनियन घामाने भिजला की वर वाऱ्यात गारठवतो, म्हणून पटकन वाळणारं कापड आत, त्यावर लोकरी, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं. मॉलमध्ये घालायचे गुळगुळीत तळाचे बूट डोंगरात चालत नाहीत. नवीन बूट घेतलेत तर निघण्याआधी तीन आठवडे ते घालून चाला. संध्याकाळी कॉर्निशवर चाला, इमारतीचे जिने चढा. सहा आठवडे रोज पाऊण तास चाललात तर सहलीचा अर्धा त्रास इथेच संपतो.

विमा काढताना फक्त रक्कम बघू नका. किती मीटर उंचीपर्यंत चालतो, ट्रेकिंग, घोडेस्वारी, स्कीइंग यांचा समावेश आहे का, डोंगरातून सोडवून आणण्याचा खर्च मिळतो का, हे वाचा. आणीबाणीचा क्रमांक तिथे ११२. शहरात टॅक्सी ॲपवर मिळते, कार्ड चालतं. गावात मात्र रोख तेंगे हवेत. नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा आणि एक कागदावरही घ्या. साटी सोडलं की फोनवर विसंबू नका.

आता सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोष्टी, आणि दोन्ही फुकट आहेत.

पहिली: निघण्याआधी रोजचा बेत कागदावर लिहून एका माणसाला द्या. शारजातला मित्र असो की नाशिकचा भाऊ. कुठे जाणार, कोणत्या चालकाबरोबर, त्याचा नंबर काय, आणि किती वाजेपर्यंत आमचा निरोप आला नाही तर तू कोणाला फोन करायचास. ‘पोचल्यावर कळवतो’ एवढं पुरेसं नाही.

दुसरी: परत फिरण्याची वेळ आदल्या रात्री ठरवा. समजा, दुपारी एक. एक वाजता तुम्ही कुठेही असा, तळं समोरच्या वळणावर असलं तरी, परत फिरायचं. हे आदल्या रात्री सगळ्यांसमोर ठरवायचं, कारण दुपारी एक वाजता वळण समोर असताना कोणीच मागे फिरायला तयार नसतं. इतके पैसे खर्च केले, इतक्या लांब आलो, आता अर्ध्या तासासाठी काय, असं मन म्हणतं. आणि घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला, म्हणजे बहुतेक वेळा आजीला किंवा सगळ्यात धाकट्याला, ‘आता पुरे’ म्हणायचा पूर्ण अधिकार द्या. त्यावर वाद नाही, तोंड वाकडं करणं नाही. आपली माणसं दुसऱ्याची हौस मोडू नये म्हणून दुखणं लपवतात. आई म्हणते, ‘तुम्ही जा रे, मी बरी आहे.’ ती बरी आहे का, हे तिच्या शब्दांवरून ठरवू नका, तिच्या चालण्यावरून ठरवा. आणि ‘तुम्ही जा’ म्हणाली तरी डोंगरात कोणालाही एकटं मागे ठेवू नका.

पाच दिवसांचा नमुना सांगतो. पहिला दिवस शहरात आराम. दुसऱ्या दिवशी मेदेऊ, पायऱ्या आणि शिंबुलाक. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून चारिन बघून साटीत मुक्काम. चौथ्या दिवशी सकाळी कोलसायचं पहिलं तळं सगळ्यांनी, ज्यांना झेपेल त्यांनी दुसऱ्या तळ्याकडे एक वाजेपर्यंत, रात्री पुन्हा साटीत. पाचव्या दिवशी सकाळी काइंदी आणि संध्याकाळी अल्माटीत परत. परतीचं विमान त्याच रात्रीचं घेऊ नका, दुसऱ्या दिवशीचं घ्या. आठ-दहा दिवस असतील तर मधे अल्तिन-एमेलचे दोन दिवस, आणि एक पूर्ण रिकामा दिवस. रिकामा दिवस वाया जात नाही. पाऊस आला, कोणाला ताप आला, तर तोच दिवस सहल वाचवतो.

आपली मुलं इथे सपाट जमिनीवर, लिफ्टच्या इमारतीत वाढतात. डोंगर म्हणजे त्यांना गावी गेल्यावर गाडीच्या काचेतून दिसतो तो. स्वतःच्या पायांनी आठ किलोमीटर चालून एखाद्या तळ्याशी पोचणं, किंवा न पोचता शहाणपणाने परत फिरणं, या दोन्ही गोष्टी त्यांनी आई-बाबांच्या सोबत एकदा तरी करायला हव्यात. तेव्हा या शुक्रवारी जेवणं झाली की टेबलावर नकाशा पसरा, आजीला समोर बसवा, आणि मुलांच्या हातात पेन्सिल द्या.